प्लास्टिक वेष्टन आणि ईपीआर : आपल्या उद्योगावर नेमकी कोणती जबाबदारी येते?

सांगलीकर (धागाकर्ता)

मसाले आणि फरसाण तयार करणाऱ्या एका मध्यम उद्योगात मी खरेदी विभाग सांभाळतो आणि वेष्टनाच्या कचऱ्यासंबंधीचे अनुपालनही माझ्याचकडे आहे. ‘विस्तारित उत्पादक जबाबदारी’, म्हणजे आपण बाजारात सोडलेल्या वेष्टनाच्या कचऱ्याचे पुनर्चक्रण वा विल्हेवाट करून घेण्याची कायदेशीर जबाबदारी, जिला आपण रोजच्या बोलण्यात ईपीआर म्हणतो, तिच्याविषयी उद्योजकांच्या गटांमध्ये बरीच अर्धवट माहिती फिरत असते. ‘सल्लागाराला सांगा, तो जूनमध्ये प्रमाणपत्रे आणून देईल’ एवढ्यावरच बहुतेकांचा विषय संपतो. (प्रमाणपत्र म्हणजे नोंदणीकृत प्रक्रियादाराने, अर्थात पुनर्चक्रण वा विल्हेवाट करणाऱ्या कारखान्याने, तेवढ्या प्लास्टिकवर काम केल्याचा पुरावा. तो विकत घेता येतो.) माझे मत याच्या अगदी उलट आहे. ही जबाबदारी खरेदीच्या नोंदवहीत सुरू होते. आपण बाजारात किती किलो आणि कोणत्या प्रकारचे प्लास्टिक सोडले हे ज्याला स्वतःला ठाऊक नाही, त्याचे अनुपालन दुसरा कोणीही नीट करून देऊ शकत नाही. त्यासाठी हा धागा काढत आहे.

आधी चौकट सांगतो. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली १८ मार्च २०१६ रोजी प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियम आले. उत्पादकांची जबाबदारी त्यांत होती, पण मोजमाप नव्हते. ते १६ फेब्रुवारी २०२२ च्या दुरुस्तीने आले. तिच्यात वेष्टनाचे वर्ग ठरले, वर्षवार लक्ष्ये ठरली आणि सगळा व्यवहार केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर आणला गेला. पहिला वर्ग कडक प्लास्टिकचा आहे, म्हणजे बाटल्या, बरण्या, झाकणे, डबे. दुसऱ्यात लवचिक वेष्टन येते, मग ते एका थराचे असो किंवा निरनिराळ्या प्लास्टिकच्या अनेक थरांचे. पिशव्या आणि पाऊचही त्यातच धरतात. तिसऱ्या वर्गात किमान एक थर प्लास्टिकचा आणि किमान एक थर प्लास्टिकेतर पदार्थाचा असतो, उदाहरणार्थ कागद किंवा ॲल्युमिनियमची फॉइल. चौथा वर्ग कंपोस्ट होणाऱ्या प्लास्टिकचा आहे. एका वर्गातली तूट दुसऱ्या वर्गातल्या प्रमाणपत्रांनी भरून काढता येत नाही, त्यामुळे वर्ग चुकला की पुढचा सगळा हिशेब चुकतो. म्हणून लॅमिनेटच्या, म्हणजे थर चिकटवून केलेल्या फिल्मच्या, प्रत्येक रचनेबद्दल पुरवठादाराकडून थर, त्यांची जाडी आणि प्रति चौरस मीटर वजन लिहून घ्यावे. तोंडी उत्तरावर भागवू नये.

आता हिशेब. ब्रँडधारकाचे लक्ष्य मागील दोन आर्थिक वर्षांच्या सरासरीवर ठरते. बाजारात आणलेल्या वेष्टनाची सरासरी आणि ग्राहकापर्यंत पोहोचण्याआधीच वाया गेलेल्या वेष्टनाची सरासरी यांची बेरीज करायची. समजा, दुसऱ्या वर्गातील वेष्टन २०२२-२३ मध्ये ४० टन आणि २०२३-२४ मध्ये ६० टन बाजारात गेले, तर सरासरी ५० टन. दोन्ही वर्षांत कारखान्यातच वाया गेलेल्याची सरासरी २ टन असेल, तर २०२४-२५ साठी पात्र प्रमाण ५२ टन होते. लक्ष्य २०२१-२२ मध्ये २५ टक्के आणि २०२२-२३ मध्ये ७० टक्के होते, ते २०२३-२४ पासून १०० टक्के झाले आहे. म्हणजे पूर्ण ५२ टनांची जबाबदारी आली. त्यातही २०२४-२५ साठी दुसऱ्या वर्गात किमान ३० टक्के, म्हणजे १५.६ टनांचे प्रत्यक्ष पुनर्चक्रण झाले पाहिजे. उरलेले रस्तेबांधणी, सिमेंटच्या भट्ट्या, कचऱ्यापासून ऊर्जा किंवा तेल अशा अंतिम विल्हेवाटीच्या मार्गाने जाऊ शकते. किमान पुनर्चक्रणाचे हे प्रमाण दरवर्षी १० टक्क्यांनी चढत २०२७-२८ मध्ये ६० टक्क्यांवर जाते. पहिल्या वर्गासाठी तीच चढण ५० पासून ८० टक्क्यांपर्यंत आहे.

आमच्याकडे सर्वाधिक वेळ वजनात जातो. एक रिकामे पाऊच काट्यावर ठेवले तर आकडा भरवशाचा येत नाही, म्हणून शंभर पाऊच एकत्र मोजून भाग द्यावा. बरणी असेल तर बरणी, झाकण, आतले सील आणि वरची श्रिंक स्लीव्ह वेगवेगळी मोजावी, कारण सीलला फॉइल असेल तर त्याचा वर्ग बरणीपेक्षा वेगळा होतो. रोलच्या बिलातले वजन पुठ्ठ्याच्या नळीसह आहे की नळी वगळून, हेही विचारून घ्यावे. चिवड्याचे पॅकिंग थांबवून शेवेचे सुरू करताना सीलिंगचे तापमान बसेपर्यंत कित्येक मीटर फिल्म वाया जाते. तिची नोंद पॅकिंगच्या पाळीतच झाली पाहिजे, कारण सूत्रातील दुसरा आकडा तिच्यापासूनच बनतो. खरेदीचे वजन सरसकट ‘बाजारात गेलेले’ धरून त्यात पुन्हा वेस्टेज मिळवले, तर तेच प्लास्टिक दोनदा मोजले जाते.

अन्य उद्योगांतील मंडळींनी आपापल्या अडचणी आणि अनुभव येथे मांडावेत.

भोसरी_फिल्म

सांगलीकर, इतक्या तपशिलात लिहिल्याबद्दल आभार. आमचा फिल्म छापून पाऊच तयार करण्याचा छोटा कारखाना आहे, उद्यम नोंदणी ‘लघु’ वर्गात आहे. आम्ही कोणत्याही ब्रँडचे मालक नाही. तरीही आमचे काही ग्राहक ‘तुमचा ईपीआर क्रमांक दिल्याशिवाय बिल मंजूर होणार नाही’ असे कळवतात, तर काही जण ‘लघु उद्योगाला सगळे माफ आहे’ असे सांगतात. दोन्ही बाजू एवढ्या ठामपणे बोलतात की नेमके काय करावे ते उमगत नाही.

सांगलीकर

दोन्ही विधाने अर्धी आहेत. २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांमधील सूक्ष्म व लघु उद्योगांची सूट ब्रँडधारकांना आहे आणि त्यांत ऑनलाइन बाजारपेठा, सुपरमार्केट व किरकोळ विक्रीच्या साखळ्याही येतात. प्लास्टिकचे वेष्टन बनवणारा, म्हणजे नियमांच्या परिभाषेतील ‘उत्पादक’, त्या वाक्यात बसत नव्हता. त्यामुळे छोटे कन्व्हर्टर, म्हणजे तुमच्यासारखे फिल्मपासून वेष्टन बनवणारे कारखाने, बराच काळ पेचात होते. १४ मार्च २०२४ च्या दुरुस्तीने सूक्ष्म व लघु उत्पादकांच्या वाट्याची लक्ष्यपूर्ती प्लास्टिकचा कच्चा माल तयार करणाऱ्या किंवा आयात करणाऱ्या कंपन्यांकडे वळवली. म्हणजे भार साखळीत एक पायरी वर सरकला. माझ्या मते हे न्याय्य आहे, कारण कच्च्या मालाच्या कंपन्या मोजक्या आहेत आणि त्यांच्यावर देखरेख करणे हजारो कन्व्हर्टरांवर देखरेख करण्यापेक्षा शक्य कोटीतले आहे.

तरीही लक्ष्य वर सरकले म्हणून तुमच्या बिलांचे महत्त्व कमी होत नाही. जेथे नोंदणी बंधनकारक आहे तेथे नोंदणी नसलेल्यांशी व्यवहार करू नये, असे तत्त्वांत स्पष्ट म्हटले आहे, आणि तुमच्या ग्राहकाचे खरेदी खाते बिल यासाठीच अडवते. उद्यम प्रमाणपत्राची प्रत, कोणत्या ग्राहकाला कोणत्या वर्गातील किती किलो माल दिला याचा वर्षाचा गोषवारा आणि प्रत्येक बिलावर वर्गाचा उल्लेख, एवढे तुम्ही स्वतःहून दिलेत तर त्याच्या बहुतेक शंका मिटतील.

आकडेमोड

मी सनदी लेखापाल आहे आणि औद्योगिक वसाहतींतील काही उद्योगांची विवरणपत्रे पाहतो. सूक्ष्म-लघु-मध्यम या वर्गीकरणाविषयी थोडी भर घालतो, कारण ईपीआरची सूट त्यावरच टांगलेली आहे. १ एप्रिल २०२५ पासून मर्यादा बदलल्या. सूक्ष्म उद्योगासाठी गुंतवणूक २.५ कोटी व उलाढाल १० कोटी, लघुसाठी २५ कोटी व १०० कोटी, मध्यमसाठी १२५ कोटी व ५०० कोटी रुपये. दोहोंपैकी एक जरी मर्यादा ओलांडली तरी उद्योग वरच्या वर्गात जातो, आणि उलाढाल मोजताना निर्यात वगळली जाते. आधीची लघु उद्योगाची उलाढाल मर्यादा ५० कोटी होती, त्यामुळे कालपर्यंत मध्यम असलेले अनेक ब्रँडधारक आज लघु झाले आहेत. यांपैकी काहींनी पोर्टलकडे पाहणेच सोडून दिले आहे. हे धोक्याचे आहे. ज्या वर्षी तुम्ही मध्यम होता त्या वर्षाचे लक्ष्य आणि विवरणपत्र तुमच्या नावावरच राहते, असे मी माझ्या पक्षकारांना सांगतो, आणि वर्ग बदलल्याचे मंडळाला लेखी कळवायला लावतो.

लक्ष्य अपुरे राहिल्यास पर्यावरणीय भरपाई लागते, आणि ती भरली म्हणजे सुटलो असे होत नाही. अपुरे लक्ष्य तीन वर्षांपर्यंत पुढे ओढले जाते. ते पहिल्या वर्षात पूर्ण केले तर भरपाईच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षात ६० टक्के आणि तिसऱ्या वर्षात ४० टक्के रक्कम परत मिळते. त्यानंतर सगळी रक्कम जप्त. याशिवाय जनविश्वास अधिनियम, २०२३ ने पर्यावरण अधिनियमातील तुरुंगवासाच्या जागी १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंतचा दंड आणला आणि तो बदल १ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तुरुंगवास गेला म्हणून काही उद्योजक निर्धास्त झाले आहेत. पण फौजदारी खटल्यापेक्षा अधिकाऱ्याने ठोठावलेला दंड कितीतरी लवकर अंगावर येतो, हे त्यांनी ध्यानात घ्यावे.

वार्षिक विवरणपत्राची मुदत पुढील आर्थिक वर्षातील ३० जून आहे. ती पुढे ढकलली जाईल या भरवशावर राहू नये.

वसईकर

माझा व्यवसाय नळजोडणीचे साहित्य आयात करण्याचा आहे. कर्मचारी मोजकेच आहेत आणि उलाढालही बेताची आहे. मीही सूक्ष्म उद्योगात मोडतो, तर मला नोंदणीची गरज नसावी ना? माल चीनमधून येतो. प्रत्येक नळ पातळ पिशवीत, वर बुडबुड्यांचे प्लास्टिक, आणि पेटीत थर्माकोल.

आकडेमोड

वसईकर, तुम्हाला ती सूट नाही. आयातदार ही तत्त्वांतील वेगळी नोंद आहे. आयात केलेले वेष्टन आणि आयात मालासोबत आलेले वेष्टन, दोन्ही तिच्यात येतात, आणि सूक्ष्म-लघुची सूट त्या नोंदीला जोडलेली नाही. छोट्या आयातदारांना याची कल्पनाच नसते.

तुमची खरी अडचण वजनाची असेल, कारण आयातीच्या कागदपत्रांत मालाचे निव्वळ व ढोबळ वजन असते, प्लास्टिकचे वेगळे नसते. पुढच्या ऑर्डरपासून निर्यातदाराकडून पॅकिंग यादीत पिशव्या, बुडबुड्यांचे प्लास्टिक आणि थर्माकोल यांची वजने वेगळी मागा. जुन्या मालासाठी प्रत्येक प्रकारची एकेक पेटी उघडून, मोजून, छायाचित्रासह नोंद ठेवा. अंदाज कशावर बेतला हे दाखवता आले पाहिजे. वर्षाला १,००० टनांपेक्षा कमी प्लास्टिक असणाऱ्यांचे नोंदणी शुल्क १० हजार रुपये आहे, तेव्हा त्या खर्चाची भीती बाळगून टाळाटाळ करण्यात अर्थ नाही.

दाणेवाला

मी मालेगावचा. आमचा पुनर्चक्रणाचा कारखाना आहे. भंगारातले प्लास्टिक धुऊन त्याचा दाणा करतो. येथे सगळे जण प्रमाणपत्र विकत घेण्याविषयी बोलत आहेत, म्हणून विकणाऱ्याची बाजूही मांडतो.

प्रमाणपत्र हवेतून येत नाही, ते नोंदणीकृत प्रक्रियादाराने केलेल्या कामातून येते. निदान यायला हवे. २०२३ मध्ये केंद्रीय मंडळाने तपासणी केली तेव्हा लाखो प्रमाणपत्रे बनावट निघाली. कारखान्याची क्षमता एक आणि विकलेली प्रमाणपत्रे कितीतरी पट जास्त, असा तो प्रकार होता. त्या काळात प्रमाणपत्रांचा भाव इतका पडला होता की प्रामाणिकपणे फिल्म धुणाऱ्याला त्यात पाण्याचा खर्चही निघत नव्हता. तुम्ही ज्याला स्वस्तात अनुपालन म्हणता त्याची किंमत आम्ही मोजत होतो.

बाटलीचे ठीक आहे. पेट बाटलीला भंगारातच भाव असतो, त्यामुळे कचरावेचक ती उचलतोच, नियम असो वा नसो. फिल्मचे तसे नाही. पावसाळ्यात ती चिखलाने माखून, ओली होऊन येते. वजनावर घेतली तर पाण्याचेच पैसे द्यावे लागतात. धुऊन, वाळवून दाण्यापर्यंत जाताना मोठा भाग गळून जातो. तिसऱ्या वर्गाची, फॉइल असलेली पाकिटे तर आमच्या यंत्रात घालताच येत नाहीत, ती सिमेंटच्या भट्टीकडेच जातात. शिवाय पाकीट इतके हलके असते की किलोभर गोळा करायला माणसाचा अर्धा दिवस मोडतो. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेसारखी व्यवस्था दारोदार जाऊन वेगळा केलेला कचरा आणते, तेथे निदान माल कोरडा मिळतो. छोट्या गावांत तेही नाही. प्रमाणपत्राचा पैसा आमच्यासारख्या कारखान्यापाशी थांबतो आणि गोळा करणाऱ्यापर्यंत क्वचितच झिरपतो, हे मी स्वतः या धंद्यात असूनही सांगतो.

म्हणून ब्रँडधारकांना माझी विनंती आहे. प्रमाणपत्र घेण्याआधी कारखाना पाहायला या. मंडळाच्या संमतीपत्रातील क्षमता, भंगार खरेदीची बिले, दाणा विक्रीची बिले आणि विजेचे बिल, ही चार कागदपत्रे शेजारी ठेवली की खरे-खोटे पुष्कळसे कळते. दाणा करायला वीज लागतेच. महिन्याला शेकडो टनांचे पुनर्चक्रण दाखवणाऱ्याचे वीजबिल पिठाच्या गिरणीएवढे असेल, तर तेथून उठून चालू पडावे.

सांगलीकर

दाणेवाला, तुमचा प्रतिसाद माझ्या मूळ लेखापेक्षा मोलाचा आहे. ही चार कागदपत्रे मागण्याची पद्धत आमच्या खरेदी करारातच घालता येईल. आणखी एक मुद्दा तुमच्या लिहिण्यातून पुढे येतो : तिसऱ्या वर्गाचे वेष्टन आपणच कमी करायला हवे. मिरचीपूड, हळद यांना सुगंध आणि रंग टिकवण्यासाठी हवा व ओल अडवणारा थर लागतो हे खरे, पण आमच्या काही उत्पादनांना फॉइल केवळ चकाकीसाठी होती. ती काढून सगळे थर एकाच जातीच्या प्लास्टिकचे केले तर माल दुसऱ्या वर्गात येतो आणि तुमच्यासारख्यांच्या यंत्रात घालण्याजोगाही होतो. हा निर्णय कागदपत्रे सांभाळणाऱ्या माणसाच्या हातातला नसतो. विपणन, उत्पादन आणि खरेदी या तिघांना एका टेबलाशी बसावे लागते. कचऱ्याचा खर्च उत्पादकाच्या हिशेबात आणण्याचा मूळ हेतू हाच आहे.

सिंधुदुर्ग_काजू

आमचा काजूगराचा ब्रँड महाराष्ट्र आणि गोवा येथेच विकला जातो. नोंदणी कोणाकडे करायची? शिवाय आमच्या तालुक्यात ‘प्लास्टिकबंदी आहे, मग ही नोंदणी कशाला’ असे विचारणारे भेटतात.

आकडेमोड

एक किंवा दोन राज्यांत कार्यरत असाल तर राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, दोनपेक्षा जास्त राज्यांत असाल तर केंद्रीय मंडळाकडे. अर्ज दोन्ही बाबतींत त्याच केंद्रीय पोर्टलवर. ऑनलाइन विक्री सुरू करून तिसऱ्या राज्यात गेलात तर हे बदलेल, म्हणून आधीच विचार करून ठेवा.

महाराष्ट्राची बंदी ही वेगळी गोष्ट आहे. ती २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने, राज्याच्या २००६ च्या अविघटनशील कचरा अधिनियमाखाली आली आणि काही वस्तूंवर आहे. ज्या वेष्टनाला परवानगी आहे त्याच्या कचऱ्याची जबाबदारी केंद्राच्या नियमांनी येते. एकाचे पालन केले म्हणून दुसऱ्यातून सुटका होत नाही.

म्युनिकहून

मी जर्मनीत राहते आणि घरगुती गोडा मसाला व मेतकूट टपालाने येथील मराठी कुटुंबांना पाठवण्याचा लहानसा नोंदणीकृत व्यवसाय करते. तुमची चर्चा वाचताना येथील पद्धत सांगावीशी वाटली. जर्मनीत ही कल्पना १९९१ च्या वेष्टन अध्यादेशापासून आहे. सध्याचा वेष्टन कायदा १ जानेवारी २०१९ पासून लागू आहे आणि त्यात घरगुती ग्राहकाकडे जाणाऱ्या वेष्टनाला किमान मर्यादाच नाही. पहिले पाकीट पाठवण्याआधी ‘लुसिड’ या सार्वजनिक नोंदवहीत नाव घालावे लागते. ती नोंदणी मोफत आहे. मग एखाद्या मान्यताप्राप्त संकलन यंत्रणेशी करार करून वजनाप्रमाणे शुल्क भरायचे. प्लास्टिकच नव्हे, कागद, काच, पत्रा, टपालाची पेटी आणि तिच्यात भरलेला कागदी भुसाही मोजावा लागतो. १ जुलै २०२२ पासून नोंदणी नसलेल्या विक्रेत्याचा माल ऑनलाइन बाजारपेठांवर विकता येत नाही, त्यामुळे पळवाट उरत नाही. नोंदवही सर्वांना पाहता येते, आणि माझ्या मते याचा परिणाम दंडापेक्षा जास्त होतो.

भोसरी_फिल्म

कागद आणि काचेचा उल्लेख आला म्हणून विचारतो. आमचे एक ग्राहक ईपीआर टाळण्यासाठी प्लास्टिकची बरणी सोडून काचेकडे वळणार आहेत. हे शहाणपणाचे आहे का?

सांगलीकर

मालासाठी काच चांगली असेल तर जरूर वळावे. केवळ नोंदणी चुकवण्यासाठी वळू नये. कागद, काच व धातूचे वेष्टन आणि स्वच्छताविषयक उत्पादने यांच्यासाठीही अशीच जबाबदारी आणण्याचा मसुदा केंद्राने डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केला. विद्युत उपकरणे, बॅटऱ्या, टायर आणि वापरलेले तेल यांना तर वेगळे नियम आधीच लागू आहेत. वजनाची नोंद ठेवण्याची सवय ज्याने आज लावली, त्याला पदार्थ बदलला तरी नव्याने सुरुवात करावी लागणार नाही.

तुमच्या ग्राहकांना आणखी दोन गोष्टी सांगा. १ जुलै २०२५ पासून वेष्टनावर द्यावयाची माहिती बारकोड, क्यूआर कोड, माहितीपत्रक किंवा विशिष्ट क्रमांक यांद्वारे देण्याची तरतूद लागू झाली आहे. त्यामुळे वेष्टनाच्या छपाईचे सिलिंडर नव्याने कोरण्याआधी मजकूर तपासून घ्यावा. एकदा कोरला की बदल महाग पडतो. दुसरी गोष्ट, कडक प्लास्टिकमध्ये पुनर्चक्रित प्लास्टिकचा वाटा २०२५-२६ साठी ३० टक्के ठरला आहे आणि तो २०२८-२९ पर्यंत ६० टक्क्यांवर जातो. लवचिक वेष्टनात तो १० टक्क्यांपासून सुरू होतो. अन्नाला थेट लागणाऱ्या वेष्टनासाठी अन्न सुरक्षेचे नियम वेगळे पाळावे लागतात, म्हणून वापरलेला दाणा कोठून आला आणि तो अन्नासाठी मान्य आहे का, याचे लेखी उत्तर तुम्ही पुरवठादाराकडून घेऊन ग्राहकाला दिले पाहिजे.

वर्गनिहाय नोंदीसाठी आम्ही वापरतो तो तक्ता मी उद्या येथे चिकटवतो. त्यात रोलचा क्रमांक, रचना, वर्ग, खरेदीचे वजन, पॅकिंगमध्ये वाया गेलेले वजन आणि बाजारात गेलेले वजन असे रकाने आहेत. दाणेवाला यांना वाटल्यास त्यांनी प्रक्रियादाराच्या बाजूचे रकाने त्यात घालावेत.